उसनवारीचं रसायन

जून २०१५ मध्ये मुंबईत, मालाडच्या मालवणी भागात, विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसांचा जीव घेतला. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल हे विष आहे ही गोष्ट त्या दिवसांत घरोघरी पोचली. मात्र पोटात गेलेलं मिथेनॉल स्वतः फारसं काही करत नाही, हे थोड्यांनाच ठाऊक असतं. घात होतो तो यकृतात. तिथलं एक एन्झाइम मिथेनॉलच्या रेणूतून दोन हायड्रोजन काढून घेतं आणि मागे उरतं फॉर्माल्डिहाइड. दुसरं एन्झाइम त्याचं फॉर्मिक आम्ल करतं. हे आम्ल शरीरात साचतं, पेशींचा श्वास कोंडतं आणि डोळ्यांच्या नसा पहिल्यांदा निकामी करतं. म्हणूनच अशा रुग्णाला डॉक्टर कधीकधी साधं इथेनॉल देतात. एन्झाइम इथेनॉलमध्ये गुंतून राहतं, मिथेनॉलकडे वळायला त्याला सवड होत नाही आणि तेवढ्या वेळात मिथेनॉल शरीराबाहेर काढता येतं.

दोन हायड्रोजन निघण्याची ती पहिली पायरी या पुस्तकाचा विषय आहे. यकृतात जी पायरी माणसाला आंधळं करते, तीच काचेच्या नळीत, योग्य धातूच्या साक्षीनं घडली तर एका कार्बनचा अत्यंत उपयोगी तुकडा हाती येतो आणि तो औषधाच्या, रंगाच्या, सुगंधी द्रव्याच्या रेणूवर हवा तिथे बसवता येतो. मिथेनॉलचा धोका आणि मिथेनॉलचा उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. प्रश्न एवढाच असतो, की जन्मलेलं फॉर्माल्डिहाइड किती वेळ मोकळं फिरतं. इतकी वर्षं या विषयात घालवल्यावर मला त्याचं सार याच एका प्रश्नात दिसतं. पुढची जवळजवळ सगळी प्रकरणं या ना त्या मार्गानं त्याच्याशीच येऊन थांबतात.

आधी या पदार्थाची थोडी ओळख. लाकूड हवेशिवाय तापवलं की निघणाऱ्या वाफांतून मिळणारा हा द्रव रॉबर्ट बॉइलनं सतराव्या शतकातच वेगळा काढला होता. त्याची घटना १८३४ मध्ये फ्रान्समध्ये ड्युमा आणि पेलिगो यांनी ठरवली. नाव घडवताना त्यांनी दोन ग्रीक शब्द घेतले, एक मद्यासाठीचा आणि एक लाकडासाठीचा. त्यातला मद्याचा शब्द, 'मेथी', आणि आपला 'मधु' हे एकाच मुळाचे आहेत. 'मिथिल' असं म्हणताना आपण नकळत मधाचंच नाव घेत असतो.

लाकडापासून मिळणारं मिथेनॉल थोडं आणि महाग होतं. १९२३ मध्ये जर्मनीत लॉयना इथे बीएएसएफ कंपनीनं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून ते बनवायला सुरुवात केली. झिंक आणि क्रोमियमच्या ऑक्साइडांवर, सुमारे ३०० ते ४०० अंश तापमानात आणि कित्येकशे बार दाबाखाली हे काम चाले. साठीच्या दशकात आयसीआय कंपनीनं तांब्याचा उत्प्रेरक आणून तो दाब ५० ते १०० बारपर्यंत उतरवला. आज जगात वर्षाला सुमारे १० कोटी टन मिथेनॉल तयार होतं. आपल्याकडे ट्रॉम्बे आणि तळोजा इथल्या खत कारखान्यांतही ते बनलं आहे, तरी देशाची बहुतांश गरज आयातीवरच भागते. साधारण तापमानाला द्रव, ६५ अंशांच्या आसपास उकळणारं, टँकरमधून नेता येणारं आणि औषधी रसायनांच्या मानानं अतिशय स्वस्त अशी कार्बनची ही सर्वांत सोयीची पुडी आहे.

उद्योगानं ही पुडी फार पूर्वीच उघडली. तिचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारं आम्ल. मिथेनॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा एक कार्बन घुसवला की ते तयार होतं. बीएएसएफनं १९६० मध्ये हे कोबाल्टवर केलं, पण त्याला प्रचंड दाब लागे. मोन्सँटोनं १९७० मध्ये ऱ्होडियम वापरून ३० ते ६० बारवर काम भागवलं आणि मिथेनॉलचा जवळजवळ सगळा कार्बन ॲसिटिक आम्लातच पोचवला. १९९६ मध्ये बीपीनं ऱ्होडियमच्या जागी इरिडियम बसवलं. ही प्रक्रिया मी विद्यार्थ्यांना आजही आनंदानं शिकवतो, कारण चक्रातली प्रत्येक पायरी स्पष्ट मांडता येते. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे मिथेनॉल आधी आयोडाइडच्या मदतीनं मिथिल आयोडाइड बनतं आणि मगच धातूशी बोलतं. मिथेनॉलचा कार्बन-ऑक्सिजन बंध सरळ तोडणं कठीण, म्हणून हा वळसा. या पुस्तकात आपण ज्या वाटेनं जाणार आहोत ती वेगळी आहे. इथे पहिल्यांदा तुटतो तो कार्बन-हायड्रोजन बंध.

त्या वाटेवर पाऊल टाकण्याआधी एका कार्बनसाठी एवढा खटाटोप कशाला, हे सांगायला हवं. कोकोमधल्या थिओब्रोमीनवर एक मिथिल गट चढला की ते कॅफीन होतं. मॉर्फीनच्या एका ऑक्सिजनवर मिथिल बसलं की कोडीन होतं. त्याची वेदनाशमनाची ताकद मॉर्फीनपेक्षा खूप कमी, पण खोकल्यासाठी ते वापरता येतं. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढ्याशा बदलानं रेणूचा आकार किंचित वळतो, पाण्यात विरघळण्याची प्रवृत्ती बदलते, यकृतात त्याचं विघटन कुठून सुरू होईल ते बदलतं. कधीकधी एका मिथिल गटानं औषधाची परिणामकारकता शंभरपट वाढल्याचं दिसतं, म्हणून औषधरसायनातले लोक त्याला जादूचा मिथिल म्हणतात. आपल्या पेशीही हेच करत असतात. डीएनएवर मिथिल गटाची खूण ठेवून कोणतं जनुक वाचायचं आणि कोणतं मिटून ठेवायचं, हे त्या ठरवतात.

आम्ही शिकत होतो तेव्हा मिथिल गट जोडायचा म्हणजे फडताळातून मिथिल आयोडाइड किंवा डायमिथिल सल्फेटची बाटली काढायची. फारच नाजूक काम असेल तर डायझोमिथेन हा पिवळा वायू तिथल्या तिथे बनवायचा आणि काचेच्या घासलेल्या जोडांपासून तो दूर ठेवायचा, कारण खरखरीत काचेवरही त्याचा स्फोट होऊ शकतो. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मित्राच्या मनगटावर एकदा डायमिथिल सल्फेटचे दोन थेंब उडाले. ना वास, ना जळजळ. त्यानं हात धुतला आणि तो जेवायला गेला. रात्री त्याचा हात फोडांनी भरला होता. ही द्रव्यं इलेक्ट्रॉन देऊ शकणाऱ्या बहुतेक अणूंना मिथिल चिकटवतात, आणि आपल्या पेशींतल्या डीएनएतही असे अणू असतात. त्यात नासाडी वेगळी. मिथिल आयोडाइडच्या १४२ ग्रॅममधले १५ ग्रॅम कामाचे, बाकी सगळं आयोडीन बाहेर फेकायचं. डायमिथिल सल्फेटमध्ये सहसा एकच मिथिल वापरलं जातं, म्हणजे १२६ ग्रॅममधले तेच १५. मिथेनॉलच्या ३२ ग्रॅममधून मिथिलचे १५ ग्रॅम गेल्यावर उरतं त्याचं शेवटी पाणी होतं. कारखान्याच्या सांडपाण्याची जबाबदारी ज्यानं कधी घेतली असेल त्याला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक आठवण टाळता येत नाही. भोपाळला १९८४ मध्ये टाकीतून निसटलेला मिथिल आयसोसायनेट हाही एका कार्बनच्या रसायनाच्या घराण्यातलाच. तो मिथिलअमीनपासून बनतो आणि मिथिलअमीन मिथेनॉल व अमोनियापासून. तिथे बनणाऱ्या कीटकनाशकाच्या वाटेवर तो केवळ मधला टप्पा होता, पण तो टनांनी साठवून ठेवलेला होता. अभिक्रियेतला तीव्र रेणू बनताक्षणी वापरला गेला तर कुणालाच त्याचा उपद्रव होत नाही. तो साठवला की त्याचं संकट होतं. उत्प्रेरकाच्या साह्यानं मिथेनॉल वापरण्याकडे मी ओढला गेलो तो याच कारणानं. तिथे फॉर्माल्डिहाइडची बाटली लागत नाही. ते धातूजवळ जन्मतं आणि तिथेच संपतं.

आता मूळ गोष्ट. घरात पाहुणे आले, साखर संपली, की शेजारून वाटीभर उसनी आणतात आणि दुसऱ्या दिवशी परत करतात. या पद्धतीचं नावही तेच आहे, हायड्रोजनची उसनवारी. समजा आपल्याला ॲनिलीनच्या नायट्रोजनवर मिथिल बसवायचं आहे. मिथेनॉल आणि ॲनिलीन एकमेकांशेजारी कितीही वेळ ठेवले तरी सौम्य परिस्थितीत काही घडत नाही, कारण अल्कोहोलला तसं कुणाशी जुळवून घ्यायची घाई नसते. मग रुथेनियम किंवा इरिडियमचा एक संयुग-रेणू मध्ये येतो. तो मिथेनॉलकडून दोन हायड्रोजन काढून स्वतःजवळ अनामत ठेवतो. मिथेनॉलचं क्षणभर फॉर्माल्डिहाइड होतं. फॉर्माल्डिहाइड मात्र अधीर असतं. ते लगेच ॲनिलीनला जाऊन मिळतं, पाण्याचा एक रेणू सुटतो आणि कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचं इमीन तयार होतं. आता धातू आपल्याकडची अनामत त्या इमीनला परत देतो. दुहेरी बंध एकेरी होतो, नायट्रोजनवर मिथिल बसलेलं असतं आणि धातू पुढच्या फेरीसाठी मोकळा होतो. बाहेरून हायड्रोजन द्यावा लागला नाही, ऑक्सिडायझर लागला नाही, आणि कचरा म्हणून फक्त पाणी निघालं.

ॲनिलीनच्या जागी कीटोन घेतला तर फॉर्माल्डिहाइड कीटोनच्या शेजारच्या कार्बनला जोडलं जातं, पाणी निघतं, परत आलेले हायड्रोजन दुहेरी बंध भरून काढतात आणि या वेळी मिथिल कार्बनवर बसतं. हिशेब तोच, फक्त गिऱ्हाईक बदललं.

रॉनल्ड ग्रिग यांनी उत्तर आयर्लंडमध्ये आणि वातानाबे यांच्या गटानं जपानमध्ये, दोघांनीही १९८१ मध्ये, विरघळलेल्या धातू-संयुगांच्या साह्यानं अल्कोहोलकडून अशी उसनवारी होते हे दाखवलं. पुढे बेंझिल अल्कोहोलसारख्या मोठ्या अल्कोहोलांवर भरपूर काम झालं. मिथेनॉल मात्र बराच काळ मागे राहिलं. कारण ऊर्जेत आहे. इथेनॉलमधून हायड्रोजनचा एक रेणू काढायला मोलमागे सुमारे ६८ किलोज्यूल लागतात, तर मिथेनॉलला सुमारे ८४. सोळा किलोज्यूलचा फरक कागदावर लहान वाटतो. फ्लास्कमध्ये त्याचा अर्थ असा होतो की तापमान वाढवा, दाब सोसणारी नळी घ्या आणि तरी वाट पाहा. दुसरी अडचण जास्त खोडकर आहे. फॉर्माल्डिहाइड वेळेवर वापरलं गेलं नाही तर त्यातूनही हायड्रोजन निघतात आणि कार्बन मोनॉक्साइड उरतो. तो धातूला असा घट्ट धरतो की उत्प्रेरकाचं काम मंदावतं किंवा थांबतंच. फॉर्माल्डिहाइडला फार वेळ मोकळं राहू देऊ नये, हा नियम यकृतासारखाच धातूलाही लागू पडतो.

ही कोंडी साधारण २०११ नंतरच्या काही वर्षांत फुटली. टेक्सासमध्ये मायकेल क्रिशे यांच्या गटानं त्या वर्षी इरिडियमच्या साह्यानं मिथेनॉल आणि ॲलीन यांची थेट कार्बन-कार्बन जोडणी केली. मला ही अभिक्रिया विशेष प्रिय आहे. तिच्यात मिथेनॉलचा ऑक्सिजनही वाया जात नाही. दोन्ही रेणूंतला प्रत्येक अणू शेवटच्या पदार्थात सापडतो. जर्मनीत रॉस्टॉक इथे मथियास बेलर यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं, की रुथेनियमचा एक उत्प्रेरक १०० अंशांच्या खालीच, पाणी मिसळलेल्या मिथेनॉलमधून सगळा हायड्रोजन काढून शेवटी कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेऊ शकतो. त्यांचा हेतू हायड्रोजन इंधन मिळवण्याचा होता, पण संश्लेषणाच्या मंडळींना त्यातून एक गोष्ट पटली: मिथेनॉल हट्टी असलं तरी अशक्य नाही. २०१४ मध्ये ऑक्सफर्डला टिमोथी डोनोहो यांच्या गटानं ऱ्होडियमनं, मिथेनॉलच्या उत्कलनबिंदूच्या आसपासच, कीटोनांवर मिथिल बसवलं.

या यशात धातूइतकाच वाटा धातूला धरणाऱ्या लिगंडचा आहे. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत डेव्हिड मिल्स्टीन यांनी धातूला तीन बाजूंनी पकडणारे चिमट्यासारखे लिगंड घडवले. हा चिमटा नुसता धरून बसत नाही. अल्कोहोलमधला एक हायड्रोजन धातू घेतो आणि दुसरा काही वेळ चिमटाच सांभाळतो. त्याच गटातून २०११ मध्ये एक निबंध आला. कार्बोनेट, कार्बामेट आणि फॉर्मेट यांच्यावर हायड्रोजन चढवून मिथेनॉल बनवता येतं, असं त्यात दाखवलेलं होतं. त्याचे पहिले लेखक एकंबरम बालरामन आणि सहलेखकांत चिदंबरम गुणनाथन होते. दोघेही पुढे भारतात परतले. बालरामन यांनी काही वर्षं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केलं. तो निबंध मिथेनॉल बनवण्याचा असला तरी आपल्या विषयाचाच आहे. ज्या धातूला हायड्रोजन चढवता येतो, त्याला तो उतरवताही येतो. डोंगराच्या त्याच वाटेनं चढायचं आणि त्याच वाटेनं उतरायचं.

इरिडियम आणि ऱ्होडियम हे पृथ्वीवरच्या सर्वांत दुर्मीळ धातूंपैकी आहेत. म्हणून २०१६ मध्ये बेलर यांच्याच गटानं मँगेनीजवर अमीनांचं मिथिलीकरण करून दाखवलं, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. मँगेनीज नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतून आपण पिढ्यान्‌पिढ्या काढत आलो आहोत. लोह आणि कोबाल्टवरही आता असं काम झालं आहे. तरी एक सावधगिरी सांगतो. धातू स्वस्त झाला म्हणून उत्प्रेरक स्वस्त झाला असं होत नाही. फॉस्फरसचे हे चिमटे बनवणं कष्टाचं आणि महागाचं असतं, आणि पुष्कळदा धातूपेक्षा त्यांचाच खर्च जास्त भरतो.

आता उसनवारीतला एक फाटा. फॉर्माल्डिहाइड अमीनला जोडलं गेलं आणि पाणी निघून जाण्याआधीच त्यातून आणखी एक हायड्रोजन रेणू काढला, म्हणजे उसनं परत न करता आणखी उचल केली, तर मिथिलच्या ऐवजी नायट्रोजनवर फॉर्मिल गट येतो. फ्रँक ग्लोरियस यांच्या गटानं २०१३ मध्ये रुथेनियमवर हे घडवलं. तोच धागा आणखी ओढला तर एक मिथेनॉल आणि दोन अमीन मिळून युरियाच्या कुळातला पदार्थ बनतो आणि हायड्रोजनचे तीन रेणू वायू होऊन निघून जातात. एरवी यासाठी फॉस्जीन हा विषारी वायू लागतो. हायड्रोजनला नळीत कोंडून ठेवायचं की निसटू द्यायचं, आम्लारी किती घालायचा, तापमान कुठे थांबवायचं, एवढ्या फरकांवर एकाच मिथेनॉलमधून तीन निरनिराळे पदार्थ येतात. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण या फाट्यावर आहे. प्रयोगवहीत सर्वाधिक चुकाही इथेच सापडतात, म्हणून ते सावकाश वाचावं.

धातूच्या उष्ण वाटेशिवाय प्रकाशाचीही एक वाट आहे. डेव्हिड मॅकमिलन आणि जिआन जिन यांनी २०१५ मध्ये निळ्या प्रकाशात मिथेनॉलचा एकच हायड्रोजन काढून त्याचं मुक्तमूलक बनवलं आणि आयसोक्विनोलीनसारख्या नायट्रोजनयुक्त वलयांवर मिथिल बसवलं. इथे फॉर्माल्डिहाइड बनतच नाही. तो वेगळ्या पिढीचा विचार आहे आणि त्याला या पुस्तकात एकच प्रकरण आहे. स्वतंत्र पुस्तक कुणी तरी लिहावं अशी इच्छा आहे.

या पद्धतींना सरसकट 'हरित' म्हणण्याची आता रीत पडली आहे. मला ते मान्य नाही. पुष्कळ निबंधांत मिथेनॉल विद्रावक म्हणून भरमसाट घेतलेलं असतं, पोटॅशियमचा तीव्र आम्लारी समप्रमाणात घातलेला असतो, आणि नळी १३० अंशांवर रात्रभर ठेवलेली असते. मग कचरा म्हणून फक्त पाणी निघतं, हे वाक्य समीकरणापुरतंच खरं राहतं. शिवाय जगातलं बहुतेक मिथेनॉल आज नैसर्गिक वायूपासून आणि चीनमध्ये मोठ्या प्रमाणात कोळशापासून येतं. जॉर्ज ओला यांनी मिथेनॉलवर उभ्या अर्थव्यवस्थेचा आग्रह धरला तो कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल बनवण्याच्या भरवशावर. त्यांच्या नावाचा आइसलँडमधला कारखाना भूगर्भातल्या वाफेबरोबर येणारा कार्बन डायऑक्साइड वापरून वर्षाला चार हजार टनांच्या क्षमतेनं हे करू लागला. दहा कोटींपुढे चार हजार ही सुरुवात आहे, आणि ती तितकीच मानून पुढचं काम करायचं आहे.

शेवटी, पहिल्यांदाच या विषयात उतरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एक प्रयोग. साध्या मिथेनॉलऐवजी कार्बनवर तिन्ही ड्युटेरियम असलेलं मिथेनॉल घ्या. ते आता प्रयोगशाळांत सहज मिळतं, आणि असा तीन ड्युटेरियमचा मिथिल गट आज बाजारातल्या औषधांतही आहे. अभिक्रिया पुरी झाली की पदार्थाचं वस्तुमान पाहा. नव्या मिथिलवर दोन ड्युटेरियम असणारच, ते फॉर्माल्डिहाइडबरोबर आले. तिसरा धातूकडे अनामत होता. तो मिथिलवर सापडला तर उसनं घेतलेलंच परत आलं. त्याच्या जागी साधा हायड्रोजन असेल, तर धातूनं मधल्या वेळात पाण्याशी किंवा अल्कोहोलशी अदलाबदल केली आहे. ती कुठे आणि केव्हा झाली ते शोधायला वहीचं नवं पान घ्या.